चिखल का होत नाही?

अमूर्त चित्रांच्या प्रदर्शनात येणारा माणूस दोन प्रश्न विचारतो. पहिला मोठ्याने: "यात काढलंय काय?" दुसरा जरा दबक्या आवाजात, आणि तो बहुधा शाळेत रंगपेटी हाताळलेल्या माणसाचा असतो: "एकावर एक एवढे रंग चढवलेत, मग चिखल कसा नाही झाला?" मी या प्रकरणात दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो. मला तोच अधिक चांगला वाटतो. त्याचं उत्तर नीट उमगलं की पहिल्या प्रश्नाचा जोर बराच ओसरतो.

चिखलाचा अनुभव आपल्याकडे जवळजवळ प्रत्येकाने घेतला आहे. एलिमेंटरी किंवा इंटरमिजिएटच्या परीक्षेची तयारी करताना वाळलेल्या लाल पोस्टर कलरवर पांढरी रेघ मारायला जावं आणि रेघ गुलाबी उमटावी. घाबरून तिच्यावर पुन्हा ब्रश फिरवावा तर गुलाबीही जाऊन काहीतरी मळकट शिल्लक राहावं. शेवटी कागदाचा लगदा निघेपर्यंत हे चालतं. अशा माणसाने पंधरा-वीस थरांचं अ‍ॅक्रिलिक चित्र पाहिलं, तर त्याला प्रश्न पडणं अगदी स्वाभाविक आहे.

उदाहरणं मी दापोली तालुक्यातली घेतो. थरांच्या चित्राला जे जे लागतं ते तिथे पायाखाली आणि डोक्यावर हजर आहे: तांबडा जांभा, समुद्राची रेती आणि रंग वाळू न देणारा पाऊस. हर्णै बंदरातल्या नौकाही आहेत. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा नौका वर ओढून ठेवतात, आणि नव्या हंगामाआधी त्या घासून पुन्हा रंगवतात. जुन्या नौकेच्या कुशीवर जिथे घासणं खोल गेलेलं असतं तिथे पाहा. वरच्या निळ्याखाली मागचा हिरवा, त्याखाली कधीचा तरी पिवळा, मधूनच प्रायमरचा तांबूस पट्टा. हे रंग कोणी एकमेकांत कालवलेले नाहीत. प्रत्येक थर आपल्या जागी शाबूत आहे, आणि त्यांच्या कडा एकमेकींना लागून दिसतात, एवढंच. अ‍ॅक्रिलिकचा चित्रकार हेच करतो. नौकेला जे व्हायला दहा हंगाम लागतात ते तो आठवडाभरात घडवून आणतो.

१. सगळा फरक बंधकाचा

कुठल्याही रंगात मुख्यतः दोन गोष्टी असतात. एक रंगाची पूड, म्हणजे रंगद्रव्य. दुसरी, त्या पुडीला कागदाला किंवा कापडाला धरून ठेवणारा चिकट पदार्थ. त्याला बंधक म्हणू. निळी पूड जलरंगात, तैलरंगात आणि अ‍ॅक्रिलिकमध्ये अगदी एकच असू शकते. स्वभाव बदलतो तो बंधकामुळे.

जलरंगाचा बंधक म्हणजे बाभळीच्या कुळातल्या झाडांचा डिंक. डिंकाला पाणी लागलं की तो पुन्हा सैल पडतो, मग आज लागो की वर्षाने. शाळेतल्या पोस्टर कलरचीही तीच गत. पांढरी रेघ गुलाबी झाली कारण ओल्या ब्रशने खालचा लाल उठवला आणि दोघांची गाठ कागदावरच पडली.

तैलरंगात जवसाचं तेल असतं. ते पाणी उडून गेल्यासारखं वाळत नाही. हवेतला ऑक्सिजन घेऊन सावकाश घट्ट होत जातं. बोटाला लागेनासं व्हायला काही दिवस, जाड थर असेल तर आतून घट्ट व्हायला महिने. खालचा थर अजून हलतोय आणि वरचा कडक झालाय अशी वेळ आली तर वरचा तडकतो. म्हणून तैलरंगात काम करणारे थरागणिक तेलाचं प्रमाण वाढवत जातात आणि वाट पाहायला शिकतात.

अ‍ॅक्रिलिकचा बंधक हे सरळ सरळ प्लॅस्टिक आहे, पण पाण्यात तरंगणारं. सगळी गंमत या 'पाण्यात तरंगणारं' मध्ये आहे.

२. साबुदाण्याची फेणी

रंगद्रव्य न घातलेलं अ‍ॅक्रिलिक माध्यम, ज्याला दुकानात नुसतं 'मीडियम' म्हणतात, बाटलीत दुधासारखं दिसतं. त्यात प्लॅस्टिकचे अतिसूक्ष्म कण पाण्यात पसरलेले असतात. कण इतके बारीक, की एका मिलिमीटरच्या रेषेवर सुमारे दहा हजार बसावेत. प्रकाश या कणांवर आदळून सगळीकडे उधळतो, म्हणून मिश्रण पांढरं.

रंग कापडावर पसरला की पाणी वरून उडून जातं आणि खालून कापडात शोषलं जातं. कण जवळ जवळ सरकतात, एकमेकांना चिकटतात, दबून चपटे होतात आणि शेवटी त्यांच्यातल्या सीमाच पुसल्या जाऊन एक सलग पातळ पापुद्रा तयार होतो. सीमा गेल्या, म्हणजे प्रकाश उधळायला जागा राहिली नाही, म्हणजे पांढरेपणाही गेला. साबुदाण्याच्या फेण्या घालणाऱ्यांना हे सांगायला नको: कोरडा साबुदाणा पांढरा आणि सुटा सुटा, तोच शिजून चिकटून वाळला की आरपार दिसणारी फेणी. साबुदाण्याला त्यासाठी आच लागते. अ‍ॅक्रिलिकला दापोलीच्या हवेत ती लागत नाही, पाणी गेलं की पुरे. आणि फेणी पुन्हा भिजवता येते. अ‍ॅक्रिलिकचा पापुद्रा भिजवून परत दूध होत नाही.

यातून कामाच्या तीन गोष्टी निघतात. वाळलेल्या थरावर ओला रंग कितीही घासा, खालचा उठत नाही. चिखलाच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर हेच. दुसरी, ओला रंग वाळल्यावर किंचित गडद होतो, कारण त्यातलं 'दूध' पारदर्शक झालेलं असतं. रंग जुळवताना हा फरक धरून चालावं लागतं. तिसरी, ब्रश धुवायला विसरलात तर तो गेला.

पाण्याबद्दल एक इशारा. रंग पातळ करायचा म्हणून पाणी ओतत गेलं की कण इतके पांगतात की त्यांना एकमेकांना गाठताच येत नाही. पापुद्रा सलग होत नाही आणि वाळल्यावर हाताला खडूसारखी भुकटी लागते. पाणी रंगाच्या निम्म्याच्या आत ठेवावं. याहून पातळ हवा असेल तर पाण्याऐवजी मीडियम घालावं, कारण त्यात बंधक असतो.

हा पदार्थ आला कुठून? जर्मन रसायनशास्त्रज्ञ ओट्टो रोम यांनी १९०१ साली अ‍ॅक्रिलिक कुळातल्या पदार्थांवर प्रबंध लिहिला. पुढे त्यातूनच काचेसारखं प्लेक्सिग्लास निघालं. चित्रकारांसाठी पहिला अ‍ॅक्रिलिक रंग अमेरिकेत १९४०च्या दशकाच्या अखेरीस आला. त्याचं नाव मॅग्ना, आणि तो टर्पेंटाइनमध्ये पातळ करावा लागे. वॉशिंग्टनचे मॉरिस लुई हाच रंग पातळ करून कोऱ्या कापडावर ओतत आणि एकावर एक झिरझिरीत पडदे पसरत. पाण्यात मिसळणारं अ‍ॅक्रिलिक १९५३ च्या सुमारास घरांच्या भिंतींसाठी निघालं आणि १९५५ साली हेन्री लेव्हिसन यांनी सिनसिनाटीत ते 'लिक्विटेक्स' नावाने चित्रकारांच्या हाती दिलं. म्हणजे आपल्या भिंतीला लावतात ते अ‍ॅक्रिलिक इमल्शन आणि चित्रकाराची ट्यूब ही भावंडंच आहेत. भिंतीच्या डब्यात भरड जास्त आणि रंगद्रव्य कमी, त्यामुळे तळाच्या थरांना तो चालतो, वरच्यांना नाही. आपल्याकडे शाई आणि रंगांच्या बाबतीत दांडेकर बंधूंच्या कॅमलिनचं, म्हणजे १९३१ साली मुंबईत सुरू झालेल्या उद्योगाचं नाव घरोघरी पोचलं. आज तालुक्याच्या गावी स्टेशनरीच्या दुकानातही अ‍ॅक्रिलिकच्या ट्यूबा मिळतात.

३. प्रकाशाच्या दोन फेऱ्या

आता उत्तराचा उरलेला अर्धा भाग. खालचा थर उठत नाही हे खरं, पण तो दिसतो की नाही हे वरच्या रंगावर अवलंबून असतं.

काही रंग झाकतात, काही झिरपू देतात. यामागचं कारण समजायला सोपं आहे. प्रकाश एका पदार्थातून दुसऱ्यात जाताना वाकतो. किती वाकतो त्याला अपवर्तनांक नावाचा एक आकडा असतो. वाळलेल्या अ‍ॅक्रिलिक बंधकाचा हा आकडा सुमारे १.५. अल्ट्रामरीन निळ्या पुडीचाही साधारण १.५. दोन्ही आकडे जुळले, म्हणून प्रकाशाला पुडीचा कण आणि बंधक यांतली सीमा जाणवतच नाही आणि थर आरपार दिसतो. टायटॅनियम व्हाइटचा आकडा २.७ च्या आसपास. तिथे प्रत्येक कणावर प्रकाश फेकला जातो आणि खालचं सगळं झाकून जातं. खडूची पूड तेलात कालवली की तिचा पांढरेपणा जवळजवळ नाहीसा होतो, त्यामागेही हेच: खडूचा आकडा तेलाच्या आकड्याला जवळचा आहे.

कणांचा आकारही मोजायला हवा. आयर्न ऑक्साइडचा तांबडा नेहमीच्या भरड रूपात चांगला झाकतो, पण फार बारीक दळला तर पारदर्शक होतो. म्हणून ट्यूबवर 'ओपेक' की 'ट्रान्सपरंट' लिहिलं आहे ते वाचायची सवय लावावी. माझ्या मते रंगाच्या नावापेक्षा ही माहिती जास्त कामाची.

पारदर्शक थर नेमकं काय करतो ते एका छोट्या हिशेबात पाहू. आकडे सोयीसाठी धरलेले आहेत. समजा नारिंगी रंगाचा एक पातळ थर प्रकाशातला लाल भाग ८० टक्के जाऊ देतो, हिरवा ५० टक्के आणि निळा २० टक्के. खाली पांढरा थर आहे. प्रकाश नारिंगीतून खाली जातो, पांढऱ्यावरून उलटतो आणि पुन्हा नारिंगीतूनच वर येतो. म्हणजे दोन फेऱ्या. लाल उरला ८० चे ८० टक्के, म्हणजे ६४. हिरवा २५. निळा फक्त ४. एका फेरीत लाल निळ्याच्या चौपट होता. दोन फेऱ्यांत सोळापट झाला. तेवढाच नारिंगी रंग पांढऱ्यात कालवून लावला असता तर तो फिकट झाला असता. पांढऱ्यावर थर म्हणून लावला तर गडद होतो आणि आतून उजळल्यासारखा वाटतो. थरांच्या चित्रातली ती 'आतली' चमक या दुसऱ्या फेरीत आहे.

मात्र याच हिशेबात चिखलाचीही सोय आहे, आणि हे सहसा कोणी सांगत नाही. जांभळ्यावर पारदर्शक पिवळा चढवा: पिवळा निळा भाग खातो, जांभळ्याने हिरवा आधीच खाल्लेला असतो, उरतो मळकट तपकिरी. रंग उठले नाहीत, कालवले गेले नाहीत, तरी डोळ्याला चिखलच दिसतो. अ‍ॅक्रिलिक पहिल्या प्रकारच्या चिखलापासून वाचवतं, दुसऱ्यापासून नाही. त्यावरचा उपाय चित्रकाराने करायचा असतो: दोन विरोधी पारदर्शक थरांच्या मध्ये एक झाकणारा फिका थर घालायचा, म्हणजे प्रकाशाला उलटायला नवी जागा मिळते.

४. एक चित्र

आता प्रत्यक्ष काम. समजा अठरा बाय चोवीस इंचाचा कॅनव्हास आहे, आणि लाडघरचा किनारा मनात आहे. हा किनारा तामसतीर्थ म्हणून ओळखला जातो. तांबूस गोट्यांमुळे तिथलं पाणी तांब्याच्या झाकेचं दिसतं. आपल्याला समुद्र काढायचा नाही, होडी काढायची नाही. तांबड्यावरून फिकट पाणी सरकतं आणि तांबडं अधूनमधून दिसत राहतं, एवढंच संबंधाचं सूत्र धरायचं. अमूर्त चित्राला विषय नसतो असं नाही. बहुतेक वेळा त्यात वस्तूंऐवजी त्यांच्यातलं नातं उरतं.

आधी जेसो: खडूची पूड आणि पांढरा रंग अ‍ॅक्रिलिक बंधकात कालवून केलेलं अस्तर. एक हात आडवा, तो वाळल्यावर एक उभा, मग बारीक पॉलिश पेपरने हलकं घासणं. यावर लगेच पिवळ्या मातकट रंगाचा, म्हणजे यलो ऑकरचा, पातळ हात मारून फडक्याने पुसून घ्यावा. कोऱ्या पांढऱ्याची भीती याने जाते, आणि पुढे कुठेही फट राहिली तर तिथून पांढऱ्याऐवजी ऊबदार पिवळा डोकावतो.

आता तांबडा. इथे दापोलीकराला दुकानात जायची गरज नाही. जांभा म्हणजे मूळचा काळा बसाल्टच. लाखो वर्षांच्या पावसाने त्यातली सिलिका धुऊन नेली आणि लोहाची व अ‍ॅल्युमिनिअमची ऑक्साइडं मागे राहिली. लाल छटा हेमॅटाइटची, पिवळी-तपकिरी गोएथाइटची. चित्रकाराचा इंडियन रेड आणि यलो ऑकर हे याच दोन खनिजांचे रंग. चिऱ्याच्या खाणीवर कापताना पडणारी भुकटी घ्यावी, बादलीभर गोड्या पाण्यात ढवळावी आणि भरड खाली बसू लागताच वरचं तांबडं पाणी दुसऱ्या भांड्यात ओतून घ्यावं. ते दिवसभर स्थिर ठेवलं की तळाशी मऊ गाळ बसतो. वरचं निवळ पाणी टाकून हीच क्रिया पुन्हा करायची. वाळवलेला गाळ मलमलीतून चाळून मीडियममध्ये काचेवर घोटला की स्वतःचा रंग तयार. लोहाची ऑक्साइडं उन्हाने उडत नाहीत, बंधकाशी भांडत नाहीत. बाजारातल्या तांबड्याइतका तो एकसारखा नसतो. मला त्याचा हाच गुण आवडतो. एकाच हातात तो कुठे लाल, कुठे विटकरी होतो.

हा तांबडा भरपूर लावायचा, आणि काळजी न करता. जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने ओढावा, स्पंजने टिपावा, ब्रशच्या मागच्या टोकाने ओरखडे काढावेत. या थरातलं फारच थोडं शेवटी दिसणार आहे, म्हणून हात मोकळा राहतो. नवशिके उलट करतात. पहिल्याच थरात सुंदर काहीतरी साधतात आणि मग त्याला जपण्यासाठी पुढचे सगळे थर त्याच्या कडेकडेने लावत बसतात. चित्र तिथेच अडतं.

पोत हवा असेल तर याच टप्प्यावर रेती घालावी. समुद्राची असेल तर ती गोड्या पाण्यात अनेकदा धुवावी. मीठ राहिलं तर ते हवेतला ओलावा ओढत राहतं आणि पावसाळ्यात थराला घाम फुटतो. धुतलेली, कडकडीत वाळवलेली रेती मीडियममध्ये कालवून पातळ पॅलेट नाइफने दोन-तीन ठिकाणी पसरावी. सगळीकडे नको.

हे सगळं पूर्ण वाळल्यावर चित्राचा खरा मोड येतो: झाकणं. टायटॅनियम व्हाइटमध्ये थोडा काळा आणि चिमूटभर निळा घालून राखाडी पांढरा करायचा आणि रुंद ब्रशने चित्राचा दोनतृतीयांश भाग झाकून टाकायचा. हे करताना पोटात कालवाकालव होते, त्याला इलाज नाही. झाकताना मधे काही खिडक्या सोडायच्या. आणि थर अर्धवट ओला असतानाच त्यावर पाण्याचा फवारा मारून फडक्याने टिपायचं. जिथे थर पातळ होता तिथे रंग आधी वाळलेला असतो, तो राहतो. जाड होता तिथला मधला ओला भाग निघून येतो आणि वाळलेली कड रेघेसारखी उरते. भरतीचं पाणी ओसरल्यावर वाळूवर राहतात तशाच या रेघा, आणि हाताने काढून त्या कधीच जमत नाहीत. वेळ साधणं हेच यातलं कसब. फवारा लवकर मारला तर सगळं वाहून जातं, उशिरा मारला तर काहीच हलत नाही.

पुढे पारदर्शक थर. बर्न्ट सिएनाचा एक थेंब आणि त्याच्या आठ-दहा पट मीडियम, मऊ ब्रशने, एकाच बाजूला. तिथला राखाडी ऊबदार होतो आणि खिडक्यांतला तांबडा खोल जातो. दुसऱ्या बाजूला तसाच निळसर हिरवा थर. दोन्ही एकमेकांवर चढू द्यायचे नाहीत. चढले तर काय होतं ते वरच्या हिशेबात आलंच आहे.

मग घासणं. पाण्याचा पॉलिश पेपर ओला करून उंचवट्यांवरून हलका फिरवला की रेतीच्या टोकांवरचे वरचे थर निघतात आणि खालचा तांबडा, त्याखालचा पिवळा ठिपक्या-ठिपक्यांनी वर येतो. इथे हर्णैच्या नौकेचं काम आपण हाताने करत असतो. घासणं ओलंच असावं; कोरडं घासलं तर रंगद्रव्याची धूळ नाकात जाते. आणि तो गढूळ पाण्याचा मग विहिरीजवळ किंवा परसातल्या पन्हळीत रिकामा करू नये, त्यात प्लॅस्टिक आहे. बादलीत दोन दिवस बसू द्यावं, गाळ वाळवून कचऱ्यात टाकावा.

यानंतर पुन्हा झाकणं, पुन्हा उघडणं. किती वेळा, याला नियम नाही.

५. कोकणातली दोन माणसं

ही पद्धत आजची नाही आणि केवळ अ‍ॅक्रिलिकचीही नाही. गोव्याकडच्या घराण्यातले, नागपुरात १९२४ साली जन्मलेले वासुदेव गायतोंडे १९४८ साली जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून बाहेर पडले. त्यांचं माध्यम तैलरंग. ब्रशऐवजी रोलर आणि पॅलेट नाइफने ते थर चढवत, खरवडून काढत, पुन्हा चढवत. फाटक्या कागदाचे तुकडे ओल्या रंगावर दाबून उचलत आणि त्यातून आकार उमटत. वर्षाला मोजकीच चित्रं पुरी होत. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने २०१४ साली त्यांचं मोठं प्रदर्शन भरवलं तेव्हा त्याच्या शीर्षकातच 'प्रोसेस' हा शब्द घातला, आणि ते योग्यच होतं: त्यांच्या चित्रापुढे उभं राहिलं की काय दिसतं यापेक्षा कशावर काय चढलंय हे डोळा शोधत राहतो. धुक्यासारखा दिसणारा पिवळा जवळून पाहावा तर त्यात चार-पाच वेगळे रंग दबलेले सापडतात.

प्रभाकर कोलते त्यांच्यानंतरच्या पिढीतले, जन्म १९४६, सिंधुदुर्गातलं नेरूरपार. जे. जे.मध्ये शिकले आणि तिथेच १९७२ पासून वीसहून अधिक वर्षं शिकवत होते. त्यांनी अ‍ॅक्रिलिकमध्ये भरपूर काम केलं आहे. त्यांच्या अनेक चित्रांत एखादा सलग रंग बहुतेक पृष्ठभाग व्यापतो आणि त्यात राहिलेल्या झरोक्यांतून खालची गजबज दिसते: रेघा, तुकडे, ओघळ. वरचा सलग रंग शेवटी आला आहे हे लक्षात आलं की चित्र वाचायची दिशाच बदलते. आपण त्याला पार्श्वभूमी समजत होतो. प्रत्यक्षात तो सगळ्यांत पुढे आहे.

गायतोंडे यांची शांतता आणि कोलते यांची गजबज यांत डावं-उजवं करण्यात अर्थ नाही. पण नवशिक्याने आधी कोलते पाहावेत असं मी सुचवीन. तिथे थरांचा क्रम डोळ्यांनी सोडवता येतो.

६. जुलैमधला थर

मे महिन्यात दापोलीत पातळ थर पंधरा-वीस मिनिटांत हाताला लागेनासा होतो. जुलैत तोच तासभर ओला राहतो. वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस घेणाऱ्या या गावात तेव्हा हवेची सापेक्ष आर्द्रता नव्वदीत असते. याचा अर्थ हवेत जेवढी वाफ मावू शकते तिच्या नव्वद टक्के आधीच भरलेली आहे. रंगातल्या पाण्याला जायला दहाच टक्के जागा. पंखा लावून फारसं साधत नाही, कारण तो ओली हवाच फिरवतो. खोली थोडी ऊबदार केली तर फरक पडतो: गरम हवेत वाफ मावायची जागा वाढते.

वरून सुकलं आणि आत ओलं, असा थर सगळ्यांत फसवा. त्यावर दुसरा जाड थर दिला की पाणी कोंडतं आणि पापुद्रा दुधट राहतो. बोटाची पाठ चित्राला लावून पाहावी. गार लागलं तर पाणी अजून उडतंय, थांबावं. हीच संथ हवा फवाऱ्याच्या कामाला मात्र सोयीची. मेमध्ये अर्धओल्या थरासाठी मिनिटभराची संधी मिळते, जुलैत चांगली पाव तासाची. मी सांगेन की कडांचं काम पावसाळ्यात करा आणि जाड पोताचं उन्हाळ्यात.

बुरशीचंही बघावं लागतं. पावसाळ्यात कॅनव्हास भिंतीला टेकवून ठेवला की मागच्या बाजूला काळे ठिपके येतात. दोन बोटं अंतर सोडून, शक्यतो जमिनीपासून वर ठेवावा.

७. थांबायचं कधी आणि नंतर काय

"पूर्ण झालं हे कसं कळतं?" हा तिसरा प्रश्न लोक विचारतात. याची गूढ उत्तरं पुष्कळ आहेत. माझी कसोटी साधी आहे. पुढचा थर कुठे द्यायचा हे चित्र सांगत असेपर्यंत देत राहावं. जेव्हा पुढचा थर फक्त आधीचा दुरुस्त करण्यासाठी सुचतो, तेव्हा चित्र आठ दिवस उलटं करून ठेवावं. आठ दिवसांनी ती दुरुस्ती आठवलीच नाही तर तिची गरज नव्हती. मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढून पाहणंही उपयोगी: रंग काढून घेतल्यावर उजेड-काळोखाची रचना टिकते की सगळं एकाच राखाडीत बुडतं, ते लगेच समजतं. बुडत असेल तर आणखी रंगाने ते सुटणार नाही, एखादा ठाम गडद किंवा ठाम फिका हात हवा.

पूर्ण झाल्यावर काही आठवडे चित्र उघड्या हवेत ठेवून मग निव्वळ मीडियमचा एक सलग थर द्यावा आणि त्यावर काढता येण्याजोगं व्हार्निश. मधला थर अशासाठी, की पुढे कधी मळलेलं व्हार्निश काढायची वेळ आली तर ते काढताना खालच्या रंगाला धक्का लागू नये. अ‍ॅक्रिलिकचा पापुद्रा उन्हाळ्यात किंचित मऊ पडतो. त्यामुळे दोन चित्रं तोंडाला तोंड लावून ठेवली की चिकटतात, आणि सोडवताना एकाचा थर दुसऱ्यावर जातो. चित्रावर थेट बबल रॅप गुंडाळून मे महिन्यात एसटीच्या टपावरून मुंबईला धाडलं तर बुडबुड्यांचे गोल वरच्या थरावर कायमचे उमटतात. आधी सिलिकॉनचा लेप असलेला बेकिंग पेपर, मग पुठ्ठा, आणि बबल रॅप सगळ्यांत बाहेर, बुडबुडे बाहेरच्या बाजूला करून.